अण्णासाहेबांचा सोप्रानो

आमच्या बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवत असे. घरात ती गोड वाटायची, पण मिरवणुकीत ढोलताशा सुरू झाला की दहा पावलांवर विरून जायची. म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या चौदा एप्रिलला पुढे सोप्रानो सॅक्सोफोन पाहिजे, असं बँडमास्तर तातेरावमामांनी ठरवलं. दिसायला क्लॅरिनेटसारखाच सरळ, पण सगळा पितळी, आणि आवाज सनईसारखा लांब जाणारा. वस्तीनं वर्गणी जमवली आणि निवड माझ्यावर सोपवली. वाजवणार मीच होतो. शिवाय मी जालन्यातल्या एका कारखान्यात लेथवर होतो, तेव्हा मला धातूतलं कळतं असा सगळ्यांचा समज होता.

एक नवा होता, मेरठहून आलेला, बाजारातल्या दुकानात. दुसरा जुना, तीर्थपुरीच्या गिरिजाबाईंकडे. त्यांचे मालक अण्णासाहेब निजामाच्या काळात हैदराबादला पलटणीच्या बँडमध्ये होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

नवा मी दुकानातच वाजवून पाहिला. चाव्या कडक, स्प्रिंगांना तेलाचा वास, वरचे सूर जरा चढे. पण चूक कुठे आहे ते कळत होतं, आणि कळलेली चूक दुरुस्त करता येते. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एक सूर धरला. पंचवीस सेकंद. क्लॅरिनेटवर माझा दम सत्तावीसचा होता.

रविवारी एसटीनं तीर्थपुरीला गेलो. गिरिजाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला सॅक्सोफोन काढून दिला. आठ दिवस ठेवा, वाजवून बघा, म्हणाल्या. मी निघताना दारापर्यंत आल्या.

"मोजून वाजवत जा, बाबा. ह्यांनी कधी मोजलं न्हाई."

घरी आणून चाव्या तपासल्या. छिद्रांवर बसणाऱ्या चामड्याच्या गाद्या अकरा वर्षांत वाळून तडकायला हव्या होत्या. त्या मऊ होत्या. तोंडाशी धरायची, सूर काढणारी वेताची पत्ती बसवलेलीच होती. काढून उजेडात धरली, तर ओली. मार्चचा महिना होता आणि माठातलं पाणी दुपारपर्यंत निम्मं होत होतं. पेटीत ओल असेल, असं म्हणून मी ती परत बसवली.

संध्याकाळी मामांना ऐकवला. ते डोळे मिटून बसले. सूर असा निघत होता की माझी बोटं त्याच्या मागून जात होती.

"हाच घ्यायचा," मामा म्हणाले. "बिलकुल हाच."

मलाही तोच हवा होता. पण दम मोजायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी काढून घरी आलो, ओसरीवर बसलो आणि सूर धरला. पंचवीस गेले. चाळीस गेले. मिनिट उलटलं. छाती शांत होती, जणू तिचा या कामाशी संबंधच नाही. सव्वा मिनिटाला मी तोंड काढलं ते धाप लागली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून.

कुठे हवा गळत असेल, असं आधी मनात आलं. पण गळतीनं दम कमी पडतो, वाढत नाही. मग आठवलं, काही सनईवाले गालात हवा धरून नाकानं श्वास घेतात. नकळत माझंही तसंच होत असावं. मी बायकोला, प्रभावतीला, हाक मारली आणि माझं नाक धरायला सांगितलं. तिला चेष्टा वाटली, तरी तिनं चिमटीत नाक धरलं. मी फुंकलं. सूर सुटला नाही. चार मिनिटं झाली तेव्हा तिनंच हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"धरायच्या आधी मी नाकाखाली बोट लावून पाह्यलं," ती म्हणाली. "वारा आत जात नव्हता, भाईरबी येत नव्हता. मंग हे वाजवून कोण राह्यलं?"



त्या आठवड्यात कामावर लक्ष लागेना. एक जॉब दोनदा बिघडला. मामा रोज विचारत, ठरलं का. मी रोज नवीन सबब सांगत होतो. गुरुवारी कामावरून सुटल्यावर पुन्हा दुकानात गेलो. नवा हातात घेतला की धाप लागेल, घाम येईल, सगळं ठिकाणावर येईल, असं वाटलं होतं. सूर धरला.

पंचवीस गेले.

घड्याळाचा काटा पूर्ण फिरून आला. दुकानदार हातातलं काम टाकून बघत होता. मीच थांबलो. नवाच घेणार, असं सांगून बाहेर पडलो.

रविवारी जुना परत केला. गिरिजाबाईंनी तो घेतला, पत्तीवरून बोट फिरवलं आणि मला बसायला सांगितलं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"शेवटाला वैद्यानं सकाळी ह्यांच्या नाकाशी कापूस धरला. हलला न्हाई. गेले, म्हनला. मी रडाया लागले, तर हेच म्हनले, रडू नको, मी हितंच हाय."

"मग?"

"मंग चार दिवस बोलत व्हते. लोकायला काय सांगावं?"

त्यांनी सॅक्सोफोन पेटीत ठेवला. पाणी विचारलं. मी नको म्हणालो.

चौदा एप्रिलला वस्तीपासून चौकापर्यंत मी नव्या सॅक्सोफोनवर सगळ्यांच्या पुढे वाजवत गेलो. लोक म्हणाले, संपतचा दम मोठा. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण म्हणत होतो तो घेतला नाही, हे त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. प्रभावती गर्दीत उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

डिसेंबरात केदारखेड्याच्या लग्नाची सुपारी होती. भल्या सकाळी पोचलो. पूर्णा नदीकडून बोचरा वारा येत होता. मांडवाबाहेर शेकोटी पेटवून आम्ही अकराजण उभे होतो. मामा जुना किस्सा सांगत होते, आणि बोलणाऱ्या-हसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.

मी ढोलवाल्या कडूबाला विचारलं, चहा आला का.

शब्द निघाले. त्यांच्याबरोबर दुसरं काही निघालं नाही.

कडूबा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला आणि पुन्हा विचारलं नाही.