जाळीमागचं पाणी

"होडीत पुढं मी बसणार!" तोफेनं जाहीर केलं.

"तू पुढं बसलीस तर मागची दोघं हवेत!" प्रोफेसर म्हणाला.

तिघांची वरात तळ्याकडे निघाली होती. तोफ बारा वर्षांची. ती कुजबुजली तरी शेजारच्या तंबूतला माणूस दचकायचा, म्हणून हे नाव. प्रोफेसर तिचा सख्खा भाऊ, वयानं एका वर्षानं मोठा आणि ज्ञानानं, त्याच्याच मते, पन्नास वर्षांनी. तिसरी त्यांची मावसबहीण ससुली, अकरा वर्षांची. तिला हे नाव का पडलं ते सांगायला नकोच. पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, फुग्याला भ्यायची. हो, फुग्यालासुद्धा! फुटला तर?

तोफेची आणि प्रोफेसरची आई, म्हणजे ससुलीची मावशी, नकाशे काढायची. तंबू कुठं, वाट कुठून, कुठलं झाड तसंच ठेवायचं, सगळं ती कागदावर ठरवायची. डोंगराच्या कुशीतलं हे नवं पर्यटनस्थळ तिच्याच आराखड्यावर उभं राहिलं होतं. आज चार वाजता उद्घाटन. साठ पाहुणे दुपारीच येऊन दाखल झाले होते. मावशी प्रमुख पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेली होती. ससुलीचा चार वर्षांचा भाऊ छोटू जेवून सात नंबरच्या तंबूत गाढ झोपला होता.

तळ्याशी पोचले आणि तिघंही थबकले.

"अरेच्चा! पाणी कुठंय?"

तळं हातभर खाली गेलं होतं. कडेच्या चिखलात दोन मासे तडफडत होते. डोंगरावरून येऊन तळ्याला मिळणारा ओढा तर कोरडा ठणठणीत! काल याच ओढ्यात छोटूची चप्पल वाहून गेली होती आणि त्यानं तासभर भोकाड पसरलं होतं.

मॅनेजरसाहेब मात्र खुशीत होते. कडक इस्त्रीचा कोट, हातात याद्या, तोंडात सूचना. "उत्तम झालं! ओढ्याच्या जागेत आणखी पन्नास खुर्च्या मावतील! मांडा रे, मांडा!"

"पण साहेब, पाणी गेलं कुठं?" ससुलीनं विचारलं.

"सुट्टीवर गेलं असेल! तुम्हीसुद्धा सुट्टीवरच आहात ना? मग खेळा जाऊन!"

प्रोफेसरनं मासे उचलून खोल पाण्यात सोडले. ससुली ओढ्याच्या पात्रातल्या ओल्या दगडांकडे बघत उभी राहिली.

"आटलं असतं तर हळूहळू आटलं असतं," ती म्हणाली. "हे एकदम थांबलंय. वर कुठंतरी अडलंय ते."

"आली हिची भीती!" तोफ हसली. पण होडीचा बेत तर फिसकटलाच होता. तिघं ओढ्याच्या काठानं वर चढू लागली.

दहा मिनिटं चढल्यावर वाट मातीच्या उंच भिंतीशी येऊन संपली. हा गाड्या लावायच्या जागेचा भराव. ओढ्याच्या घळीत माती लोटून वर सपाट मैदान केलं होतं. आत्ता तिथं पंधरा गाड्या उभ्या होत्या आणि ड्रायव्हर मंडळी सावलीला पेंगत होती. भरावाच्या बुडाशी सिमेंटचा जाड नळ होता. ओढा त्यातून बाहेर पडायचा. आज त्या नळातून थेंबसुद्धा येत नव्हता.

"आईच्या नकाशात इथं पूल होता," प्रोफेसर चष्मा सावरत म्हणाला. "मी स्वतः रंगवला होता तो. निळा ओढा, वर तपकिरी पूल. हा भराव कुठून आला?"

भरावावर चढून तिघं पलीकडे डोकावली.

पलीकडे पाणीच पाणी होतं. तपकिरी आणि अगदी गप्प. झाडं कमरेपर्यंत बुडाली होती. एक प्लॅस्टिकची बादली मधोमध तरंगत होती. पाणी भरावाच्या माथ्यापासून जेमतेम दोन हात खाली राहिलं होतं.

"मला भीती वाटतेय," ससुली म्हणाली.

एरवी दोघं खो खो हसली असती. आज कुणी हसलं नाही.

"ए पोरांनो! मागं व्हा!"

पत्र्याच्या आडोशामागून माळीकाका धावत आले. त्या पत्र्यांमागं सगळे कामगार चार दिवसांपासून बसून होते. मॅनेजरसाहेबांचा हुकूमच होता, उद्घाटन उरकेपर्यंत एकही कामगार पाहुण्यांच्या नजरेला पडता कामा नये! फोटोत घमेलं दिसलं तर शोभा जाते म्हणे.

"काका, एवढं पाणी कसं साठलं?"

माळीकाकांनी पाण्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे देवा! जाळी!" ते म्हणाले. "तळ्यात पालापाचोळा दिसू नये म्हणून नळाच्या वरच्या तोंडाला बारीक जाळी ठोकलीय. मी रोज सकाळी ती झाडायचो. चार दिवस इकडं फिरकायचं नाही असं सांगितलं. मला वाटलं, दुसरं कुणीतरी झाडत असेल."

"आणि मॅनेजरसाहेबांना वाटलं, जाळी आपोआप साफ होते!" प्रोफेसर म्हणाला.

"आत्ता झाडूया मग!" तोफेनं बाह्या सरसावल्या.

"कशी? ती दोन पुरुष खोल पाण्याखाली आहे आता."

माळीकाका घाईघाईनं भरावाच्या खालच्या बाजूला उतरले. पोरं मागोमाग. तिथं मातीत एक ओला डाग होता आणि डागाच्या मधून बोटाएवढी धार येत होती. काकांनी ती ओंजळीत घेतली. ओंजळ चिखलानं भरली.

"नितळ पाणी झिरपलं असतं तर एक वेळ धीर धरला असता. हे माती घेऊन येतंय. भराव आतून पोकळ होतोय, पोरांनो! खाली कोण कोण आहे?"

"सगळे," ससुली म्हणाली. "आणि छोटू."

ती बघत असतानाच बोटाएवढी धार मनगटाएवढी झाली.

"मी ड्रायव्हरांना आणि कामगारांना इथून हलवतो आणि रस्ता अडवतो. तुमच्या आईची गाडी इथूनच येणार," काका म्हणाले. "तुम्ही पळा! तळ्याकाठी एक माणूस ठेवू नका!"

तिघं धूम पळाली. काट्यांनी पाय ओरबाडले, प्रोफेसरचा चष्मा दोनदा पडला. ससुलीला सारखं वाटत होतं, आत्ता मागून आवाज येईल, आत्ता येईल! पण मागं वळून पाहायचं धाडस तिच्यात नव्हतं.

"साहेब! भराव फुटणार!" तोफ ओरडली.

मॅनेजरसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू! पाहुणे आहेत!"

"गढूळ पाणी येतंय! माळीकाकांनी सांगितलं!"

"माळी? तो बाहेर आलाच कसा?" साहेब चिडले. "आणि भराव आहे तो, वाळूचा किल्ला नव्हे! तीनशे गाड्या माती आहे त्यात. इंजिनिअर आहात का तुम्ही? जा, सरबत प्या!"

आता काय म्हणावं या माणसाला! दोन हातांवर मरण उभं, आणि हा सरबत वाटतोय!

"एकेकाला सांगत बसलो तर संध्याकाळ होईल," प्रोफेसर धापा टाकत म्हणाला. "आणि सगळ्यांना एकदम घाबरवलं तर याच अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होईल."

"मग?"

ससुलीनं आजूबाजूला पाहिलं. पाहुणे काय करत होते? फोटो! तळ्यासोबत फोटो, तंबूसोबत फोटो, सरबताच्या ग्लासासोबत फोटो. आणि तळ्याच्या एका अंगाला, बऱ्याच उंचीवर, स्वागतकक्षाचा भला मोठा लाकडी सज्जा होता.

तिनं तोफेच्या कानात काहीतरी सांगितलं. तोफेचे डोळे चमकले. दुसऱ्या क्षणी ती व्यासपीठावर होती आणि माइक तिच्या हातात होता. खरं तर तिला माइकची गरज नव्हती!

"लक्ष द्या, लक्ष द्या! सर्व पाहुण्यांचा एकत्र फोटो आत्ता लगेच वरच्या सज्ज्यावर! पहिल्या रांगेत उभे राहतील त्यांचा फोटो उद्याच्या पेपरात! मालकांनी आणि मॅनेजरसाहेबांनी कृपया मध्यभागी उभं राहावं!"

काय सांगू तुम्हाला! गुडघेदुखीवाल्या आजीबाईसुद्धा तरातरा निघाल्या. स्वयंपाकी झारा घेऊन धावला. मॅनेजरसाहेब "कुणी ठरवलं हे?" म्हणाले खरे, पण मध्यभागी उभं राहायचं म्हटल्यावर केस नीट करत तेही चढले. प्रोफेसर एकेका तंबूत डोकावून लोकांना बाहेर काढत होता. पाच मिनिटांत तळ्याकाठ रिकामा झाला.

सज्ज्यावर ससुली चेहरे शोधत होती. "दादा, छोटू कुणाकडे आहे?"

"मी तंबू बघितले ना! सातची चेन लावलेली होती. मला वाटलं, तुम्ही त्याला आधीच..." प्रोफेसरचा चेहरा पांढराफटक पडला.

मला वाटलं! आज हे शब्द दुसऱ्यांदा ऐकू आले होते.

ससुली पळत सुटली. फुग्याला भिणारी ससुली! ती मोठ्यानं रडत होती, पण पळायची थांबली नाही. ओढ्याच्या पात्रात खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि त्यांच्या पायांशी पिवळट पाणी आलं होतं.

सात नंबर. चेन अडकलेली. पकडच बसेना! "छोटू! छोटू, ऊठ!"

आतून झोपाळलेला आवाज आला, "ताई, शू लागली."

"नंतर! आधी बाहेर!"

तिनं दोन्ही हातांनी हिसका दिला, चेन तुटली. छोटूला कडेवर टाकून ती चढाकडे धावली. तेवढ्यात वर डोंगरात मोठ्ठं ओझं कोसळावं तसा आवाज झाला. जमीन हादरली.

"ससुली, इकडे! हात दे!" प्रोफेसर अर्ध्या चढावर पालथा पडून हात लांबवत होता. तिनं आधी छोटूला वर ढकललं. मग प्रोफेसरनं तिचं मनगट पकडलं आणि तिला ओढलं. तिच्या पायांखालून तपकिरी पाणी गर्जत गेलं.

खुर्च्या गेल्या. व्यासपीठ गेलं. तंबू एकामागून एक उन्मळले. सात नंबर गेला तेव्हा ससुलीनं डोळे मिटले आणि छोटूला घट्ट धरलं.

सज्ज्यावर मॅनेजरसाहेब पहिल्या रांगेत, बरोबर मध्यभागी, मटकन खाली बसले होते. तोफ मोठमोठ्यानं डोकी मोजत होती. दोनदा मोजून झाल्यावर तिनं सांगितलं, "सगळे आहेत!" आणि मग तीच हमसून हमसून रडायला लागली.

थोड्या वेळानं मावशी धावत आली. मागून ड्रायव्हर, कामगार आणि माळीकाका. सगळे सुखरूप! तिघांना आणि छोटूला तिनं एकदमच मिठीत घेतलं. मालकांनी पुढं येऊन माळीकाकांचे हात हातात घेतले, पोरांच्या पाठी थोपटल्या. "आज तुम्ही नसता, तर..."

"चूक माझीही आहे," मावशी सगळ्यांसमोर म्हणाली. "पुलाच्या जागी भराव टाकायचा बदल माझ्याकडे आला होता. छोटासाच बदल आहे म्हणाले. मी इथं येऊन बघितलं नाही, ऑफिसात बसून सही केली. ओढ्याची वाट ओढ्यालाच ठेवायला हवी होती."

मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "आणि जाळी कोण झाडतं, हे मी विचारायला हवं होतं."

नवा आराखडा करायला दोन महिने लागले. ओढा उघडा राहिला, त्याच्यावर पूल आला. तंबू उंचावर गेले, गाड्यांची जागा मोठ्या रस्त्याच्या फाट्याजवळ. माळीकाका आता प्रत्येक बैठकीत पहिल्या खुर्चीवर बसतात.

पण त्या कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी मावशीनं ससुलीला सोबत नेलं. हातात लाल खुंट्यांची पिशवी.

"मावशी, मी कशाला? मी तर भित्री आहे."

"म्हणूनच. पुढं चाल. जिथं तुला भीती वाटेल तिथं थांब. मी खुंटी ठोकते आणि मग आपण दोघी मिळून बघू, काय चुकतंय ते."

ससुली पुढं निघाली. पहिल्या वळणावरच ती थांबली.

"इथं," ती म्हणाली.

मावशीनं काही न विचारता खुंटी ठोकली.