डाव्या विंगेतली

तुमच्या कॉलेजातही नाटकाचे मार्क गोल बसून देतात म्हणालीस, म्हणून सांगते. दिवा तेवढा चालू राहू दे.

मी तेव्हा नाटकाच्या वर्गात दुसऱ्यांदा बसले होते. पहिल्या खेपेला नापास झाले, कारण माझा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नसे. बाबांनी बजावून ठेवलं होतं, "यंदा पास झालीस तर ठीक. नाहीतर सरळ घरी ये आणि भावाच्या दुकानात बस." बाबांचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे कलाबिला राहू दे बाजूला, मला फक्त पास व्हायचं होतं.

नाटक सगळ्यांनी मिळून रचायचं आणि मार्कही सगळ्यांनी मिळून द्यायचे, असा सरांचा नियम होता. तालीम संपली की रंगमंचावरचे दिवे मालवायचे, गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने सांगायचं, आज कोणामुळे माझं काम सोपं झालं. तोंडं दिसली की लोक गोडगोड बोलतात, म्हणून अंधार. सर खाली खुर्चीत बसून ऐकत. प्रयोगानंतरच्या शेवटच्या बैठकीत ज्याच्याबद्दल कोणीच काही बोलणार नाही, तो नापास.

माझ्या वाट्याला प्रॉम्प्टिंग आलं. उजव्या विंगेत स्टुलावर बसायचं, टॉर्चच्या उजेडात संहिता धरायची आणि नट अडखळला की हळूच वाक्य पुरवायचं. कुजबुजायला तर मी जन्मालाच आले होते! नायकाचं काम करणाऱ्या मुलाला आम्ही ढोल म्हणायचो. आवाज तसा दणदणीत, आणि आतून तसाच पोकळ. त्याला एकही प्रवेश धड पाठ नव्हता. म्हणजे माझे मार्क पक्के, असं मी मनात धरून चालले होते.

एका दुपारी तो नेहमीसारखा अडकला. मी तोंड उघडलं, पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याने वाक्य उचललं. मला वाटलं, आठवलं असेल. थोड्या वेळाने पुन्हा अडकला, पुन्हा तेच. त्या दिवशी अंधारात ढोल म्हणाला, "प्रॉम्प्टिंग एकदम झकास. डावीकडून अगदी वेळेवर आलं."

"मी उजवीकडे बसते," मी म्हणाले.

"बरं बाई, उजवीकडून. मार्क मिळतायत ते घे की गप!"

सगळे हसले, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी कपडेपट सांभाळणारी ताई म्हणाली, "डावीकडचीने आज फार सांभाळून घेतलं." ताई आमच्यात मोठी, उगाच थट्टा करणारी नव्हे. मग हळूहळू सगळेच तसं म्हणू लागले. उजवीकडचीचं नाव कोणी काढेना.

मी एकदा तालमीच्या आधी जाऊन पाहिलं. डाव्या विंगेत जुने पडदे आणि मोडके सेट छतापर्यंत रचलेले. तिथे मांजरसुद्धा शिरलं नसतं. ओल्या कापडाचा कुबट वास नाकात बसत होता. ढिगातल्या एका फटीतून मी हात आत घातला आणि चाचपलं. अगदी मागे, भिंतीला लागून, एक स्टूल हाताला लागलं. त्याची बैठक गरम होती... आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

मी धावत सरांकडे गेले. सर वाईट नव्हते, दमलेले होते. "हे बघ," ते म्हणाले, "मार्क मी देत नाही, ती मुलं देतात. मी फक्त ऐकतो. त्यांना ऐकू जाईल असं बोल."

प्रयोगाला मी तसंच केलं. ढोल अडखळला तेव्हा कुजबुजले नाही, चक्क ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. पहिल्या रांगेतल्या एकानेही मान वळवली नाही. ढोल डावीकडे बघत होता. तिकडून आवाज आला, आणि या वेळी तो मलाही ऐकू आला. माझाच आवाज होता तो. फक्त शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

नाटक रंगलं. टाळ्या संपल्या, लोक गेले, दिवे मालवले, आम्ही गोल करून बसलो. एकेक जण बोलू लागला, आणि गंमत म्हणजे सगळे नाव माझंच घेत होते! ती डावीकडे होती म्हणून निभावलं, असं म्हणत होते. मला वाटलं, असू दे, नाव तर माझं आहे. पास तर मीच होणार.

माझी पाळी आली. मी श्वास घेतला. आणि अंधारात, बरोबर माझ्या समोरून, माझ्या आवाजात कोणीतरी सगळ्यांचे आभार मानायला लागलं.

मी शेजारच्या ताईचा हात धरला. "ताई... ती मी नाही... मी इथे आहे..."

"कोण आहे?" ताई पुटपुटली आणि हात झटकला. "काय गारठा आहे इथे..."

दिवे लागले. मी पास झाले होते. सगळे घोळक्याने, हसत बाहेर गेले. घोळक्याच्या मध्ये कोण होतं ते मला दिसलं नाही. माझ्याकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

आमचं घर तिथून बसने दिवसभराच्या वाटेवर. मी रस्त्यापलीकडच्या दुकानातून लगेच फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, मी पास झाले."

"कोण बोलतंय?"

"मी... तुमची मुलगी..."

"अहो, काहीतरीच काय! आमची मुलगी मघाशीच घरी आली. पास झाली ना! ही काय, समोर बसून जेवतेय." बाबा हसत होते. माझ्यासाठी ते असे कधी हसल्याचं मला आठवत नाही.

"बाबा, ती मी नाही... माझा आवाज ओळखा ना... बाबा..."

बाबा हसायचे थांबले. "तू... म्हणजे..." म्हणाले आणि अडखळले. माणूस पुढचं वाक्य शोधत असला की कसा गप्प होतो, ते मला चांगलं कळतं. तेवढ्यात त्यांच्या मागून, अगदी हळू, कोणीतरी वाक्य पुरवलं. आणि बाबांनी ते शब्दाला शब्द म्हटलं,

"आम्हाला एकच मुलगी आहे. पुन्हा फोन करू नका."