उरलेला हातमोजा

मार्टाचा खालचा ओठ आजोबांच्या गाडीच्या गोठलेल्या कुलपाला चिकटला होता, आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई! गाडीवर एवढं प्रेम?"

तिला वळता येईना, बोलता येईना. "ऊं... ऊं!"

"हलू नकोस हं! ओढलास तर कातडं इथेच राहील."

बुटांखाली बर्फ करकरला. गालाशी एक थर्मास आला, आणि कोमट कॉफी ओठावरून हनुवटीवर ओघळली. ओठ सुटला. जरासं साल मागे राहिलं, पण सुटला!

समोर वेस्ली. भुवया बर्फाने पांढऱ्या, मफलरमधून फक्त डोळे दिसत होते... आणि ते डोळे हसत होते.

"पहिलीत माझी जीभ झोक्याच्या खांबाला चिकटली होती. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं गं?"

"मी," मार्टा म्हणाली. तिला हसू आलं, ओठ चरचरला, आणि हसता हसताच तिचा चेहरा पडला. "वेस्ली, हे दार उघडायला हवं. आत्ता. गीदो—"

त्याने इस्पितळाच्या खिडक्यांकडे पाहिलं. त्याची आई तिथे नर्स होती. मार्टाचे आजोबा, तिचे गीदो, आता फार काळ नाहीत हे त्याला सांगावं लागलं नाही.

"हात गार पडलेत म्हणतात. ब्लँकेटं दिली, गरम पाण्याची पिशवी दिली... नको! आजीनं जाण्याआधी विणलेले हातमोजेच पाहिजेत. ते गाडीत आहेत. आणि मी काल गाडीला कुलूप लावलं."

"कुलूप?" तिने गाडी खाल्ली असं सांगितल्यासारखं त्याने विचारलं. "या गावात?"

वर्षभर शहरातल्या शाळेत राहून लागलेली सवय, दुसरं काय! इथे हिवाळ्यात कुणीच गाडीला कुलूप लावत नाही. वादळात कुणी अडकलं, गारठलं, तर समोर दिसेल त्या गाडीत त्याला शिरता आलं पाहिजे. गीदोंनी तर जन्मात लावलं नव्हतं. काल मार्टाने आतली खुंटी दाबली, दार आपटलं... रात्रीत कुलूप आतून गोठलं, आणि आज किल्ली आतच जाईना. दुसऱ्या बाजूचं दार कधीचंच बिघडलेलं.

"आणि मग फुंकर मारायला गेलीस."

"आधी चहा ओतला," ती पुटपुटली. "तोही गोठला."

"चहा!" वेस्लीने कपाळावर हात मारला. "साखर तरी घातली होतीस ना?"

"वेस्ली!"

"बरं बरं. वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा. जवळ ये... अजून. लाजतेस काय, कुलपाला तर लाजली नाहीस!"

त्याने खिशातून लायटर काढला, हातमोजे दातांनी ओढून काढले आणि किल्ली ज्योतीवर धरली. वारा ज्योत विझवायचा, तो पुन्हा पेटवायचा. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की श्वासाची कोणती वाफ कुणाची ते कळत नव्हतं. एरवी त्या जवळिकीनं मार्टाला दुसरं काही सुचलं नसतं. आज तिला फक्त त्याची बोटं दिसत होती. लाल होती ती पांढरी झाली, मेणासारखी.

"हातमोजे घाल ना रे!"

"ते घालून लायटर पेटत नाही, बाईसाहेब."

गरम किल्ली थोडी आत. पुन्हा बाहेर, पुन्हा ज्योत, आणखी थोडी आत... आणि कट्ट! दार उघडलं. सीटखाली ते लाल लोकरी हातमोजे होते, हातांच्या आकारात फुगलेले. मार्टा ते घेऊन पळत सुटली. थँक्यू म्हणायचंसुद्धा राहिलं.

गीदोंनी डोळे उघडले. "आलीस, पोरी?"

तिने डावा हातमोजा चढवला. आत त्यांची बोटं हलली, कुणाचा तरी हात चाचपत असल्यासारखी.

"आहे," ते म्हणाले. "आहे ती."

तिने त्यांचा उजवा हात उचलला. तो जड झाला होता.

ती बाहेर आली तेव्हा सूर्य गव्हाच्या कोठारांमागे उतरत होता. गीदोंची गाडी चालू होती, मागून पांढरा धूर निघत होता. मार्टाने दार ओढलं. अलगद उघडलं.

"कुलूप लावलं नाही," आत बसलेला वेस्ली घाईने म्हणाला. "इंजिन चालू ठेवलं. म्हटलं, तुला कधी येऊन बसावंसं वाटलं तर गाडी उबदार—" त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि पुढचं वाक्य त्याच्या मफलरमध्येच राहिलं.

ती रडली. त्याने हीटरची झडप तेवढी तिच्याकडे वळवली.

मग तिला त्याची बोटं दिसली. टोकांना फोड आले होते. तिने त्याचा उजवा हात हळूच मांडीवर घेतला आणि तो लाल हातमोजा त्यावर चढवू लागली.

"मार्टा, अगं, हा गीदोंचा—"

"दुसरा त्यांच्याबरोबर जाणार आहे. हा उरलाय."

"पण मला कशाला?"

"तुला कळत नाही?"

"कळतंय," तो अगदी हळू म्हणाला. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"ओठ फाटलाय माझा..."

तो हसला नाही. थोडंसंच हसला. बाहेर अंधारून येत होतं. मार्टाने दार ओढून घेतलं, आणि सवयीने तिचा हात कुलपाच्या खुंटीकडे गेला... थांबला... आणि वळून त्या सैल लाल हातमोज्यात, त्याच्या बोटांशेजारी, शिरला.