उघडं फाटक

पहिल्या दिवशी तो आमच्या अंगणात शिरला आणि फाटक उघडंच टाकलं. सतरा बदकं सरळ डोन नदीत! मी कलिंगडं खारवत होते, कोपरापर्यंत पिंपात. तशीच धावले, चिखलात आपटले, आणि मग त्याची जी खरडपट्टी काढली… तो मात्र ऐकत उभा. वर हसत होता.

नाव प्लातोन. आम्हा कोसॅकांची गावोगावची जुनी बोली टिपायला रोस्तोवच्या विद्यापीठातून आलेला. पण त्याचा रेकॉर्डर दिसला की मालान्या आत्या डोक्यावरचा रुमाल नीट करून टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलू लागायची. सगळ्या गावाची तीच तऱ्हा. मला त्याची दया आली, तिथंच चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशीही फाटक उघडं. तिसऱ्याही. इतका शिकलेला, आणि साधी कडी लावता येऊ नये? मी ओरडायची, तो बूट काढून माझ्याबरोबर पाण्यात उतरायचा. एकदा त्यानं माझ्या केसांतलं पीस अलगद काढलं आणि… जाऊ दे. संताप यायचा नुसता.

तीन महिने असे गेले. मग एकदा कुंपणावरचा त्याचा कोट खाली पडला. उचलला, तर खिशात रेकॉर्डरचा लाल दिवा चालू.

माझं बोलणं होतं त्यात. ह्याच बोलीला रोस्तोवमध्ये अख्खा वर्ग हसला होता. वर्षभरात कॉलेज सोडून मी घरी परतले होते. आता तो हे विद्यापीठात ऐकवणार, आणि भरल्या सभागृहात हसणार होते सगळे.

"फाटक उघडं टाकायचास, ते मला चिडवाय व्हय?"

"उस्तीन्या, तू चिडलीस की खरं बोलतेस," तो म्हणाला. "बाकी कुणी… बोलतच नाही गं."

"पूस. समदं."

त्यानं वाद घातला नाही. माझ्यासमोर एकेक करून तीन महिन्यांचं काम पुसलं आणि गेला.

दोन दिवस बदकं अंगणातच होती. मला मात्र कशातच राम वाटेना.

तिसऱ्या सकाळी खिडकीतून एक विटकी टोपी आली, ती थेट आत्याच्या कणकेत. आमच्याकडे लग्नाची मागणी घालायला मुलगा अशी टोपी टाकतो. मुलीनं बाहेर फेकली की विषय संपला. हे त्याला आत्यानंच सांगितलं असणार.

"फेक न्हाईतर ठिव," आत्या म्हणाली, बातम्या विसरून. "कणीक सुकाय लागलीया."

मी खिडकीशी गेले. फाटकाला कडी होती. तो बाहेर उभा, हात रिकामे.

"मशीन कुठं हाय?"

"नाही आणलं."

"ह्याला काय अर्थ हाय? पुसून बसलास. आता पयल्यापास्नं परत बोलाय लागणार मला… जलम जाईल त्यात!"

"चालेल," तो हळूच म्हणाला.

चालेल म्हणे! मी टोपीची कणीक झटकली आणि बाबांच्या टोपीशेजारी खिळ्याला अडकवली. मग खिडकीतून ओरडून सांगितलं, "आत ये. आन् कडी लाव."