डाळिंबी खण

त्या शनिवारी अप्पा, म्हणजे माझे वडील, दुपारचं जेवायला घरात गेले होते, नाहीतर योगेश माझ्या वाट्याला आलाच नसता.

"अक्का, ह्याच्यावर खण पाहिजे," म्हणत त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली इरकल साडी काउंटरवर ठेवली. हुबळीच्या बाजारात दुकानात बसलेली प्रत्येक बाई अक्काच असते, वय काही का असेना. माझं एकवीस होतं, आणि तो माझ्याहून मोठाच दिसत होता. नखांत मशीनचं काळं तेल, पण साडी मात्र दोन बोटांनी, जपून धरलेली... मला ते आवडलं, हे आत्ताच सांगून टाकते.

आमचं मॅचिंग सेंटर. आजोबा मिरजेहून आले, तेव्हापासूनचं. अप्पांचे दोन नियम. ट्यूबलाईटखाली रंग जुळवायचा नाही, साडी आणि कापड घेऊन पायरीवर उजेडात जायचं. आणि जुळलेलं कापड गिऱ्हाइकाला लगेच न्यायचं नसेल, तर नावाची चिठ्ठी लावून ते माळ्यावर ठेवायचं. मग कुणी कितीही मागो, ते दुसऱ्याला मिळत नसे.

मी पहिला नियम मोडला. ट्यूबखालीच डाळिंबी रंग जुळवला आणि खण कापून दिला. कारण आमच्या पायरीसमोरून विद्यानगरच्या बसकडे जाणाऱ्या कॉलेजच्या मुली दिसायच्या, म्हणजे त्यांनाही मी दिसले असते. घर दुकानाच्या मागेच. दोन वर्षं मी मागच्या दारानं यायचे आणि मागच्याच दारानं जायचे.

सोमवारी संध्याकाळी तो परत आला. साडी, खण आणि चेहऱ्यावर दाबून धरलेलं हसू.

"आई विचारतीय, ती पोरगी दुकानात बसतीया की झोपतीया?"

"काय झालं?"

"हितं ट्यूबखाली डाळिंबी. गावी अळणावरला नेऊन उन्हात धरलं, तर वांगी."

मी खण उलटसुलट केला. चूक माझीच होती, आणि अप्पा आत माल लावत होते. त्यांना कळलं असतं तर दिवसभर ऐकावं लागलं असतं.

"उजेडात बघायला लागेल," मी म्हणाले... आणि जागची हलले नाही.

"मग चला की."

"तुम्हीच जा. मी इथून बघते."

"मला रंगातलं काय कळतंय? मी गोकुळ रोडवर लेथ चालवतो. आमच्याकडं सगळंच काळं."

चार ठाणं काखेत मारून मी बाहेर पडले. पायरीवर ऊन होतं. तिसऱ्या ठाणाशी साडी जुळली, काठाला काठ लावला तर सांधा दिसेना. तो खाली वाकून बघत होता, मी त्याच्या केसांतल्या लोखंडाच्या बारीक किसाकडे. आणि तेवढ्यात—

"मीनाक्षी? अगं, तू आहेस कुठं?" वनिता. मी कॉलेज सोडलं तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती, आता शेवटच्या. "कधी येतेस परत?"

"येणार आहे."

"कधी पण?"

बस आली म्हणून ती पळाली, आणि मी ठाण गुंडाळत राहिले. त्यानं उरलेली तीन ठाणं उचलून आत नेली.

मग तो दर दोन दिवसांनी यायला लागला. एकदा हूक, एकदा बटणं, एकदा पांढरा दोरा.

"इतकी बटणं कुणाला लागतात?" मी विचारलं.

"शर्टाची तुटतात."

"रोज?"

"तोडावी लागतात," तो म्हणाला. आणि त्या दिवसापासून त्यानं मला अक्का म्हणणं बंद केलं.

मे महिन्यात एका संध्याकाळी मीच सांगितलं. कुणी विचारल्याशिवाय, पहिल्यांदाच. दोन वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीच्या पेपरात माझा हात थांबला. छाती धडधडायला लागली, आता आपण मरतोय असं वाटलं, आणि मी उठून बाहेर आले. मग झोप गेली, जेवण गेलं, खोलीतून बाहेर पडणं गेलं. "मग धारवाडच्या डॉक्टरांकडे," मी म्हणाले. मनोरुग्णांचं मोठं इस्पितळ धारवाडला, त्यामुळे हुबळीत धारवाडचे डॉक्टर म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. घरातले लोकांना सांगायचे, मावशीकडे जाते.

तो निघून जाईल असं मला वाटलं. तो तिथंच उभा राहिला, काउंटरवरची टेप गुंडाळत.

"किती वेळ बसला होता पेपराला?"

"वीस मिनिटं."

"आणि पेपर तीन तासांचा. म्हणजे दोन तास चाळीस मिनिटंच राहिलीत."

दोन वर्षांत मला सगळ्यांनी विश्रांती घे म्हटलं होतं. उरलेलं किती, हे मोजून कुणी दिलं नव्हतं. मला एकदम रडायला आलं, आणि हसायलाही.

उरलेले दिवसही मोजलेलेच होते. एकवीस जूनपर्यंत परत प्रवेशाचा फॉर्म भरला नाही, तर कॉलेजच्या नियमानं आधीचं सगळं वाया जाणार आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. आई म्हणायची, पुढच्या वर्षी बघू, आधी पुरती बरी हो. डॉक्टर म्हणाले होते, कधी जायचं ते तू ठरव, कुणाचं ऐकून नको. मी ठरवलं, एकदा तीन तास बसून पेपर लिहायचा. जमलं तर यंदाच.

रविवारी दुकान बंद असायचं. सहा जूनला योगेश सकाळी दहाला घड्याळ घेऊन हजर.

"हा कोण?" अप्पांनी विचारलं.

"सुपरवायझर," मी म्हणाले. "डाळिंबी खणवाला."

अप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्टूल पुढं सरकवलं.

शटर अर्धं ओढून मी आत, ट्यूबखाली जुना पेपर लिहायला बसले. पन्नास मिनिटं. घामानं पेन निसटलं आणि मी उठले. पुढच्या रविवारी तर पस्तीसच.

"नाही व्हायचं," मी म्हणाले.

"राहू द्या मग," तो हळूच म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू. मी कुठं जातोय?"

त्याच्या मनात माया होती, मला कळत होतं. तरी मी भडकले. "आई म्हणते पुढच्या वर्षी, अप्पा म्हणतात पुढच्या वर्षी. तू तरी म्हणू नकोस."

त्यानं घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाला, "आता मी 'तू' झालो काय?"

"विषय तो नाहीये."

"बरं. पण झालो नव्हं?"

"झालास. आणि येत्या रविवारी ये. शेवटचाच आहे."

"येतो. आई विचारायलीय, रविवारी घरी का येत नाहीस म्हणून."

"काय सांगितलंस?"

"परीक्षा आहे म्हणालो."

आठवडाभर मी विचार केला. मला पेपराची भीती नव्हतीच. भीती होती ती उठून जाताना सगळ्यांनी बघण्याची. मग अर्ध्या शटरमागं लपून मी कशाची तयारी करत होते?

वीस तारखेला तो आला, तेव्हा मी टेबलाचं एक टोक धरून उभी होते. "दुसरं धर. पायरीवर घ्यायचंय."

"बाहेर?" अप्पा म्हणाले. "येणारे-जाणारे बघतील, मीना."

"बघू देत."

दिवस ढगाळ होता, वरच्या ताडपत्रीवर भुरभूर पाऊस. विसाव्या मिनिटाला ती आलीच, तीच छातीतली धडधड. मी पेन खाली ठेवलं आणि रस्त्यावरच्या बायकांच्या साड्या बघायला लागले. मोरपंखी, अंजिरी, राणी. कुठल्या साडीवर कुठला खण, मनातल्या मनात जुळवत गेले. योगेश घड्याळाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. कधी बघायचं नाही, हे त्याला बरोबर कळत होतं. सातव्या साडीला श्वास जागेवर आला आणि मी पेन उचललं.

दोन तास होऊन गेले असतील, वनिता देवळातून परतताना थांबली. "हे काय करतेस?"

"पेपर लिहितेय."

"येतेस कधी मग कॉलेजला?"

"उद्या," मी म्हणाले, आणि पुढचा प्रश्न घेतला.

"झाले," अखेर योगेश म्हणाला. "तीन तास." अप्पा काहीतरी शोधायचं निमित्त करून आत गेले, डोळे पुसायला.

टेबल आत ठेवताना, ट्यूबखाली, तो थबकला. "मीनाक्षी... एक विचारायचं होतं."

"इथं नको," मी म्हणाले. "पायरीवर चल. अप्पांसमोर."

त्याचे कान लाल झाले, पण तो आला. पायरीवर उभं राहून, ओल्या उजेडात, माझ्या वडिलांच्या देखत, अळणावरचा तो मोठा गडी एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "मला... हिच्याशी लग्न करायचंय. हिचं मन असलं तर."

मला तो फार, फार आवडत होता. तरी ते तोंडानं सांगायला मला जमेना. मी आत गेले, डाळिंबी खणाचं ते ठाण काढलं, चिठ्ठीवर योगेश असं लिहून त्याला टाचणी लावली आणि ठाण अप्पांच्या हातात दिलं.

अप्पांनी चिठ्ठी वाचली. मग त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती दिवस ठेवायचं?"

"पदवी होईपर्यंत," मी म्हणाले.

"थांबतो," योगेश म्हणाला. "मला मोजता येतंय."

अप्पा शिडीवर चढले. वरून त्यांचा आवाज आला, "डांबराच्या गोळ्या दे गं इकडं. बरेच दिवस राहायचंय हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता फॉर्म घेऊन मी पुढच्या दारानं निघाले, पायरी उतरले आणि विद्यानगरची बस धरली.