चौथ्या वाटेचा आवाज

मी दुकानात शिरत होते, तो बाहेर पडत होता. माझ्या हातातल्या माइकची वायर त्याच्या पायात अडकली.

"आधी मला सोडवा," तो हसून म्हणाला, "मग वायर बघतो."

रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस इतकं हळू बोलायचा की, ऐकायला पुढे झुकावंच लागे... मी झुकले.

आमच्या प्रार्थनामंडळात माइक चार, पण ॲम्प्लिफायरला जागा एकाचीच. "मिक्सर मीच बनवून देतो," तो म्हणाला. "चार आवाजांना चार वाटा, प्रत्येक वाटेवर एक रेझिस्टर. रेझिस्टर जेवढा मोठा, तेवढा आवाज लहान. मग चौघं एकाच दाराने बाहेर."

त्यानंतर रोज काहीतरी निमित्त काढून मी त्याच्या टेबलापाशी. आणि मग मंडळात व्हायोलिनवाली आली. ती त्या टेबलावर कोपर टेकून बसायची, बशीतल्या स्क्रूंशी खेळायची आणि त्याला खुशाल "अरे" म्हणायची. मी महिना झाला तरी "अहो"वरच!

माझं एक रोजचं व्रत आहे — सूर्य मावळेपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. बोलले नाही. पण मनातही आणायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?

त्या दुपारी कपाखाली त्याने काढलेली मिक्सरची आकृती दिसली. पहिल्या वाटेचा रेझिस्टर दहा, दुसरीचा दहा, व्हायोलिनचा दहा. चौथी वाट माझी... बावीस! म्हणजे मला निम्म्याहून लहान केलं होतं. डोळ्यांत पाणीच आलं.

"माझा आवाज नको असेल तर सरळ सांगा," मी म्हणाले. "रविवारी मी गात नाही."

त्याच्या हातातली सोल्डरची कांडी हवेतच राहिली. "तसं नाही हो... तुमचा आवाज फार मोठा येत होता."

"हिचा?" टेबलाशी बसलेल्या व्हायोलिनवालीने माझा माइक थेट जुन्या टेपरेकॉर्डरला जोडला. "गा गं जरा."

मी गायले. त्यावरचा आवाज मोजणारा काटा जेमतेम थरथरला.

"अरे, चौघांत हिचाच आवाज नाजूक! तू काट्यावर बघितलंस तरी का?"

"नाही... हेडफोन लावून, कानाने ठरवलं."

"मग कान तपासून घे!"

तो मान खाली घालून म्हणाला, "ही गायला लागली की, मला बाकीचे तिघं ऐकूच येत नाहीत. वाटलं, सगळ्यांना दाबते आहे..."

व्हायोलिनवालीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कठीण आहे," ती उठत म्हणाली. "मी चहा सांगून येते. सावकाश येते."

त्याने बावीसचा रेझिस्टर काढून दहाचा बसवला. धुराची एक बारीक रेघ आमच्यामधून वर गेली.

"आता मंडळाला तू नीट ऐकू येशील," तो म्हणाला.

"आणि तुम्हाला?"

"मला... बाकीचे ऐकू येणार नाहीत. चालवून घेईन."

मी तो काढलेला रेझिस्टर उचलला. अजून कोमट होता. मुठीत मिटून घेतला.

चहा घेऊन व्हायोलिनवाली आली, तेव्हा मी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि बसायला तिला माझी खुर्ची दिली. फक्त आधी खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेली.