कोण आलंय?

शाळेच्या त्या बसमध्ये मावशीचं राज्य होतं, आणि ते तिनं आवाज न चढवता मिळवलेलं होतं. लहान मुलं पुढे, मोठी मागे. सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलायची नाही. हात खिडकीच्या आत, डबे दप्तरात, आणि भांडण असलंच तर ते घरी गेल्यावर, स्वतःच्या भावंडांशी. मोठी मुलं तिला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिचा सगळ्यात कडक नियम दाराशी होता. परतीच्या फेरीत लहान मूल उतरायला आलं, की ती त्याचं मनगट धरायची आणि विचारायची, “कोण आलंय?” मुलानं बाहेर बघून स्वतःच्या तोंडानं सांगायचं. बाबा. काकू. ताई. मग मावशी ते माणूस बघणार, ओळखणार आणि तेव्हाच बोटं सैल करणार.

“अहो, रोजचीच आहे मी,” एखादी आई वैतागायची.

“मीही रोजच विचारते,” मावशी म्हणायची.

या नोकरीआधी ती एका कारखान्यात तयार मालाच्या तपासणीला होती. नजरेखालून गेल्याशिवाय एकही खोकं तिनं पुढे जाऊ दिलं नव्हतं. इथं तर लोकांची मुलं होती.

रंगाच्या दुकानासमोरचा स्टॉप पेंगूचा. बसमध्ये बसल्याबसल्या पेंगायची, म्हणून ते नाव पडलेलं. पहिलीतली मुलगी. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली आणि तिचं रबर मनगटात अडकवलेलं. तिला न्यायला आजोबा यायचे. दुकानाच्या पायरीवर बसून वाट बघायचे आणि बस दिसली की गुडघ्यांवर हात टेकून उठायचे. पेंगू अर्धवट झोपेत “आजोबा” म्हणायची, खाली उतरायची आणि त्यांची करंगळी मुठीत धरून चालू लागायची. आधी डोळे उघड आणि मग सांग, असं मावशी तिला रोज दटावायची.

त्या सोमवारी पायरी रिकामी होती.

“कोण आलंय?”

पेंगूनं बाहेर पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. “आजोबा नाही आले.”

“मग बस जागेवर. शाळेत परत जाऊ आणि फोन लावू.” न्यायला कुणी नसेल तर मूल शाळेत परत, असा नियमच होता.

“मावशी, अहो, ही काय आई उभी आहे तिची,” ड्रायव्हरकाका म्हणाले. गाडी हाकता हाकता केस पिकलेला हा शांत माणूस. चेष्टा करायची असली की आधी घसा खाकरून तसं कळवणारा. आत्ता त्यांनी घसा खाकरला नव्हता.

मावशीनं पाहिलं. पायरी, रंगाच्या रिकाम्या डब्यांची उतरंड, विजेचा खांब, ऊन. माणूस नव्हतं.

“कुठाय?”

“समोर की. तुमच्या पुढ्यात.”

“पेंगूची आई आलीय!” मागून मुलं ओरडली. एकदोघांनी तर खिडकीतून हात हलवले आणि मावशीची नजर वळताच आत घेतले.

मावशीनं दार लावून घेतलं. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं कुणाच्या तरी तोंडावर दार आपटलं होतं.

आजोबा शाळेत आले ते रागावूनच. “सूनबाई परगावची नोकरी सोडून परत आली आहे. यापुढे तीच येणार न्यायला. भर उन्हात उभी होती बिचारी, आणि तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत?” पेंगूनं त्यांची करंगळी धरली आणि ती दोघं गेली. मावशीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊन डोळ्यांवर आलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

मंगळवारी ती स्वतःच बसमधून खाली उतरली आणि दुकानाच्या पायरीपर्यंत गेली. मागे खिडकीत एकच हशा पिकला. “मावशी, त्यांच्या पायावर पाय दिलात तुम्ही!” मावशीच्या चपलेखाली फक्त फरशी होती. तरी ती दचकून मागे सरली आणि तिच्या तोंडून “माफ करा” निघून गेलं. त्या दिवशीही पेंगू शाळेत परत गेली.

संध्याकाळी मावशीनं डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी खालची बारीक ओळसुद्धा वाचून घेतली. “नंबर आहे तोच आहे,” ते म्हणाले. “तुमच्या वयाला नजर चांगलीच म्हणायची.” तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

बुधवारी सकाळी गाड्यांचं बघणाऱ्या साहेबांनी तिला बोलावलं. ऑफिसची खोली लहान. एक टेबल, एक पंखा, भिंतीवर किल्ल्यांचा फळा आणि टेबलासमोर दोन खुर्च्या. मावशी जवळच्या खुर्चीत बसायला गेली.

“अहो, अहो! तिथं नाही,” साहेब गडबडले. “त्या बसल्यात ना.”

मावशी दुसऱ्या खुर्चीत टेकली. शेजारच्या खुर्चीची उशी फुगलेली आणि गुळगुळीत होती. तिच्यापुढे चहाचा कप होता, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेला. साहेब त्या दिशेला बघून मान हलवत होते, मधूनच “बरोबर आहे”, “साहजिक आहे” म्हणत होते. खोलीत पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

“ऐकलंत ना, काय म्हणतायत त्या?” साहेबांनी मावशीला विचारलं.

मावशीनं चहावरच्या सायीकडे पाहिलं.

“त्या तक्रारसुद्धा करत नाहीयेत, हा त्यांचा मोठेपणा. शिस्त मुलांना लावायची असते मावशी, आयांना नाही. पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल.” मग ते रिकाम्या खुर्चीकडे वळून हसले. “अजून अर्धा कप सांगू?”

शिपाई आला आणि त्यानं तो कप उचलला. रिकामा कप उचलतात तसा, दोन बोटांत, निष्काळजीपणे. दारापर्यंत चहा सांडत गेला. तो कुणीच पाहिला नाही.

त्या दिवशी पेंगू शाळेलाच आली नव्हती. गुरुवारी परतीच्या फेरीत मावशी तिच्या शेजारी बसली. पेंगू जागी होती.

“तुला दिसते का गं आई?”

“सगळे म्हणतात, आहे.”

“सगळ्यांचं राहू दे. तुला?”

पेंगू मनगटातलं रबर ताणत राहिली. “मला आजोबा दिसायचे,” ती म्हणाली.

“मग आईबरोबर घरी गेलीस की दिसेल,” मागच्या सीटवरची मोठी मुलगी समजुतीनं म्हणाली.

रंगाच्या दुकानासमोर बस थांबली. मावशीनं पेंगूचं मनगट धरलं.

“कोण आलंय?”

“आजोबा नाही आले.”

पाठीमागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मुलं एका सुरात “सोडा, सोडा” करू लागली. काका आरशातून नुसतेच बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. मावशीला तीच जास्त लागली. कारखान्यात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. सगळ्यांचं माप एक येतं आणि एकटीचंच वेगळं येतं, तेव्हा तिनं आपली पट्टी बदलायची. आता बसभर मुलं, ड्रायव्हर, सख्खे आजोबा आणि साहेब एकच सांगत होते.

तिनं बोटं सैल केली.

पेंगू खाली उतरली आणि उभी राहिली. मग तिचा एक हात हळूहळू वर गेला. उंच माणसानं हात धरला की मुलांचा जातो तसा. तो तसाच वर ठेवून ती चालू लागली. कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती मान मागे करून बसकडे बघत होती.

“झालं की नाही?” काका म्हणाले. “एवढंसं तर होतं.”

मावशीला त्या दिवशी घास गेला नाही. मुलीनं सांगितल्याशिवाय तिनं मनगट कधी सोडलं नव्हतं. आज सोडलं होतं.

शुक्रवारी सकाळी बस त्या स्टॉपवर थांबली तेव्हा फुटपाथ मोकळा होता. मावशी कठड्याला धरून उभी राहिली. आली नसेल, बरं नसेल तिला, असं ती मनाशी म्हणत होती.

“ये गं पेंगू, चढ लवकर,” काका म्हणाले.

दार उघडं राहिलं. एका लहान मुलीला दोन पायऱ्या चढायला लागेल तेवढा वेळ. मग काकांनी ते लावलं.

गाडी हलेना.

“मावशी, पट्टा लावा की तिचा.”

मावशी पेंगूच्या रिकाम्या जागेपाशी गेली. तिनं पट्टा ओढला आणि खटका लावला. पट्टा सीटवर पडला नाही. पाठीपासून हातभर पुढे, ताठ राहिला.

“पेंगू आज झोपत नाहीये,” पलीकडचा मुलगा म्हणाला. “सारखी तुमच्याकडेच बघतेय, मावशी.”

शाळा सुटेपर्यंत मावशी बसच्या पायरीवर बसून होती. साहेबांकडे जावं, असं तिच्या मनात आलं. पण जाऊन सांगायचं काय?

परतीच्या फेरीत रंगाच्या दुकानासमोर बस थांबली. दार उघडलं. मावशीनं सवयीनं हात पुढे केला.

हातात मनगट आलं.

लहान, गरम, थोडं घामट. अंगठ्याखाली वेणीचं रबर लागलं.

“कोण आलंय?” तिनं विचारलं.

तिला काही ऐकू आलं नाही.

“काय म्हणाली ती?”

“तेच, रोजचं,” मागचा मुलगा हसला. “आजोबा नाही आले.”

मनगट दाराकडे ओढ घेत नव्हतं. आत, मावशीच्या पोटाशी शिरायला बघत होतं.

“सोडा, मावशी,” काका म्हणाले. “बघा कशी हसतेय आईकडे बघून.”

“नाही सोडणार.”

तिनं दुसऱ्या हातानं कठडा धरला.

बाहेरून, पायरीखालून, मावशीच्या अंगठ्यावर काहीतरी टेकलं. कोरडं, मोठ्या माणसाचं बोट. काही जोर न लावता त्यानं तिचा अंगठा उचलला. मग पहिलं बोट. मग मधलं.

मनगट निसटलं.

पण निसटता निसटता एका लहानशा मुठीनं मावशीची करंगळी पकडली.

“आभार मानतायत त्या तुमचे,” काका म्हणाले. “चांगल्या आहेत हो स्वभावानं.”

करंगळीभोवतीची बोटं कुणीतरी एकेक करून सोडवत होतं. शेवटचं बराच वेळ सुटलं नाही.